करवलीचा मान कुणाचा? – 'रेचल गेटिंग मॅरीड'

मिरजेत आमचं मंगल कार्यालय आहे. सासऱ्यांनी सुरू केलं, आता मी आणि माझे धाकटे दीर मिळून बघतो. त्यामुळे लग्नावरचा कुठलाही सिनेमा लागला की माझं लक्ष नवरा-नवरीकडे कमी आणि मागच्या खोल्यांकडे जास्त जातं. कोण कुणाशी बोलत नाहीये, कुणाची बॅग कुठल्या खोलीत टाकली, सकाळच्या चहाला कुणाला हाक मारायची राहिली. बहुतेक सिनेमांत यातलं काही नसतंच. तिथे लग्न म्हणजे कपडे, गाणी आणि शेवटी पाठवणीची रडारड. अमेरिकन दिग्दर्शक जोनाथन डेमी यांचा २००८ सालचा 'रेचल गेटिंग मॅरीड' मात्र जवळजवळ सगळा या मागच्या खोल्यांतच घडतो. दोन बहिणी, त्यातल्या एकीचं लग्न, आणि त्या लग्नावर, बापावर, एकमेकींवर दोघींनी सांगितलेला हक्क. लग्नघराचा इतका खरा सिनेमा मी दुसरा पाहिलेला नाही.

पुढे सगळी गोष्ट सांगणार आहे. ज्यांना आधी बघायचाय त्यांनी बघून या. खरं तर यात लपवण्यासारखं रहस्य नाही. जे आहे ते सगळं घरात आधीच घडून गेलेलं आहे.

किम (ॲन हॅथवे) ही धाकटी. व्यसनमुक्ती केंद्रातून बहिणीच्या लग्नापुरती घरी येते. नऊ महिने तिने काही घेतलेलं नाही. थोरली रेचल (रोझमेरी डेविट) मानसशास्त्रात पीएच.डी. करते आहे, शहाणी, नीटनेटकी, सगळ्यांना सांभाळून घेणारी. घर कनेटिकटमधलं, मोठं, झाडीत. लग्न घरातच, अंगणात मांडव घालून. नवरा मुलगा सिडनी संगीतातला, त्यामुळे घरभर वाजवणारी माणसं. वडील पॉल (बिल अर्विन) सारखे कुणाला तरी खायला घालायच्या मागे. त्यांची दुसरी बायको कॅरल (ॲना डेव्हिअर स्मिथ) शांतपणे सगळं आवरते. सख्खी आई ॲबी (डेब्रा विंगर) वेगळ्या घरी, वेगळ्या नवऱ्याबरोबर, आणि स्वतःच्या मुलीच्या लग्नात पाहुण्यासारखी.

तिकडच्या लग्नात वधूची एक मुख्य पाठराखीण असते, मेड ऑफ ऑनर. आपल्याकडच्या करवलीच्या जवळपासचा मान. रेचलने तो एमा नावाच्या मैत्रिणीला दिलेला. किम घरात येते, हे तिच्या कानावर पडतं, आणि तिथल्या तिथे ती आडवी लागते. सख्खी बहीण असताना मैत्रीण कशी? मी सांगते, या जागी मी टीव्हीच्या आणखी जवळ सरकले. कारण हे भांडण मी ऐकलेलं आहे. शब्दसुद्धा असेच. "मी असताना ती कशी काय?" आमच्या कार्यालयात वधूपक्षाच्या खोलीबाहेर जो छोटा व्हरांडा आहे, तिथे हे वाक्य दर मोसमात कुणी ना कुणी म्हणतंच.

रेचल शेवटी एमाला समजावते आणि मान किमला देते. एमाचा चेहरा पडतो. एमाला किम मुळीच आवडत नाही, आणि ती ते लपवतही नाही. इथे दिग्दर्शकाने फार बारीक गोष्ट पकडली आहे. रेचल हट्टाला बळी पडते असं नाही. बहीण व्यसनातून उठून आली आहे, तिला दुखवलं तर ती पुन्हा कोसळेल या भीतीपोटी ती नमतं घेते, आणि तेच घेताना तिच्या मनात एक नोंद होते: स्वतःच्या लग्नातसुद्धा मलाच सोडावं लागलं. पुढचा सगळा सिनेमा या एका नोंदीतून उलगडत जातो.

आपल्या लग्नांत भावंडांचे मान ठरलेले आहेत. लाजाहोमाला वधूच्या ओंजळीत लाह्या घालायच्या त्या भावाने. कानपिळीला नवऱ्या मुलाचा कान पिळायचा तोही भावानेच, चार लोकांसमोर, हसत हसत, पण "माझ्या बहिणीला त्रास दिलास तर याद राख" हे सांगून. करवलीने कऱ्यावर दिवा घेऊन पाठीशी उभं राहायचं. वरात घरी पोचली की नणंदेने दार अडवायचं, आणि "पहिली मुलगी मला सून म्हणून देशील का?" असं विचारून मगच वाट सोडायची. लहानपणी मला हे सगळे गमतीचे खेळ वाटायचे. कार्यालयात उभं राहून इतकी लग्नं बघितल्यावर मात्र पटलं की कुणीतरी फार विचार करून हे घातलेलं आहे. बहीण परक्या घरी चालली, भाऊ परक्या बाईचा झाला, याचा राग येणारच. तो राग कुणी मनात कुजवू नये म्हणून त्याला एक मिनिट, एक वस्तू आणि एक आहेर नेमून दिला आहे. कान पिळ, टोपी-उपरणं घे, मोकळा हो.

रेचलच्या घरी असं काही नेमलेलं नाही. तिथे सगळं स्वतःच जमवायचं आहे, विधीसुद्धा. म्हणून किमचा राग कुठेही, कधीही बाहेर पडतो.

सर्वात आधी तो बाहेर पडतो लग्नाआधीच्या एका रात्रीच्या जेवणात. एकेक जण उठून वधूवरांबद्दल चार शब्द बोलतो. दिग्दर्शकाने हा प्रसंग मुद्दाम लांबवला आहे. ओळीने माणसं उठतात, कुणी छान बोलतं, कुणी अडखळतं, कुणी आठवण सांगतं, कुणाचे डोळे भरतात. आपण त्या टेबलाशी बसलेले पाहुणे होतो. आणि मग किम उठते. स्वतःची ओळख करून देताना म्हणते, मी शिव, संहारकर्ता, आजच्या रात्रीची तुमची अरिष्टाची दूत. लोक कसनुसं हसतात. व्यसनमुक्तीच्या बारा पायऱ्यांमध्ये ज्यांना दुखावलं त्यांची भरपाई करायची एक पायरी असते, ती ती इथे, बहिणीच्या लग्नाच्या जेवणात, ग्लास हातात धरून पार पाडायला जाते. टेबलाभोवती शांतता पसरते. रेचल हसत राहते. रोझमेरी डेविटचं ते हसू बघा. ओठ हसतात, मान ताठ, डोळे मात्र बहिणीवर रोखलेले. व्यासपीठावर फोटोसाठी उभ्या असलेल्या कितीतरी नवऱ्या मुलींच्या तोंडावर मी हे हसू पाहिलं आहे, खाली कुणीतरी काहीतरी बोललेलं असतं तेव्हा.

घरी आल्यावर भांडण पेटतं. आणि या भांडणात सिनेमाने मला सगळ्यात जास्त जिंकलं, कारण तो थोरलीची बाजू सोडत नाही. वाया गेलेल्या मुलीवरचे सिनेमे पुष्कळ. त्या मुलीचं दुःख, तिची तडफड, तिचं परत येणं. तिच्या शेजारच्या खोलीत जी दुसरी मुलगी वर्षानुवर्षं चांगलं वागत बसली, तिच्याकडे कुणी बघत नाही. रेचल बापाला सांगते ते साधारण असं: तुमचं सगळं लक्ष कायम तिच्यावर. ती कुठे आहे, ती काय खातेय, ती कुणाबरोबर गाडीतून गेली. मी कशी आहे हे विचारायची तुम्हाला कधी गरजच पडली नाही. बापाजवळ उत्तर नाही. तो दोघींच्या मध्ये उभा राहून "दोघी माझ्याच" एवढंच करू शकतो, आणि ते कुणालाच पुरत नाही.

आणि त्या भांडणाच्या ऐन भरात रेचल सांगून टाकते की तिला दिवस गेले आहेत. एका क्षणात बाप आनंदाने वेडा होतो, मिठ्या, अश्रू, सगळं घर तिच्याभोवती. किम उभी राहते आणि म्हणते, हा अन्याय आहे. मी माझ्याबद्दल काहीतरी महत्त्वाचं बोलत होते आणि तू मध्येच हे काढलंस. प्रथम बघताना किमचा राग येतो. बहिणीला मूल होणार आणि ही असं बोलते! पण तिचं म्हणणं खोटं नाहीये. रेचलने ती बातमी त्या क्षणी वापरलीच. आयुष्यात एकदा तिने बापाचं संपूर्ण लक्ष स्वतःकडे ओढून घेतलं, आणि त्यासाठी हातात होतं ते सगळ्यात मोठं हत्यार काढलं. दोघी बरोबर, दोघी चूक, आणि पटकथा एकीलाही दोषी ठरवत नाही. जेनी ल्युमेट यांचं हे लिखाण आहे. सिडनी ल्युमेट या मोठ्या दिग्दर्शकाची ही मुलगी.

ल्युमेटांच्या घरातून या सिनेमात एक प्रसंग थेट आलेला आहे. नृत्यदिग्दर्शक बॉब फॉसी त्यांच्याकडे आले असताना भांडी धुण्याच्या यंत्रात भांडी कोण चांगली लावतो यावरून वडिलांची आणि त्यांची जुंपली होती, हे जेनी ल्युमेट यांनी स्वतः सांगितलेलं आहे. सिनेमात तीच पैज होणारा जावई आणि सासरा यांच्यात लागते. घड्याळ लावलेलं, पाहुणे भोवती गोळा, आरडाओरडा. जावई लावतो, मग सासरा बाह्या सरसावून पुढे. लग्नघरातली ती मध्यरात्रीची मस्ती, सगळे दमलेले आणि तरी कुणाला झोपायचं नाही, अगदी हुबेहूब. किमसुद्धा पहिल्यांदाच सगळ्यांत मिसळून हसते. बापाला आणखी भांडी हवीत म्हणून ती कपाटातून ताटल्या काढून पटापट त्यांच्या हातात देते. त्यातली एक ताटली लहान मुलाची निघते. तिच्यावर नाव आहे: ईथन.

बापाचा हात थांबतो. खोली गप्प होते. तो काही न बोलता बाहेर निघून जातो.

ईथन हा तिसरा. धाकटा भाऊ. किम सोळा वर्षांची असताना नशेत गाडी चालवत होती, त्याला बागेतून घरी आणत होती. गाडी पुलावरून पाण्यात गेली. तो आपल्या छोट्या सीटच्या पट्ट्यात अडकून बुडाला. किम ही गोष्ट व्यसनमुक्तांच्या सभेत स्वतःच्या तोंडाने सांगते. हॅथवेने तो प्रसंग आवाज न चढवता केला आहे. ऑस्करच्या अभिनेत्रींच्या यादीत तिचं नाव त्या वर्षी होतं ते योग्यच होतं.

म्हणजे लग्नाच्या घरात खरी भावंडं तीन आहेत. आणि गेलेल्यावरही दोघींचा हक्क आहे. किमला वाटतं, त्याचं दुःख सगळ्यात जास्त माझं, कारण माझ्या हातून झालं. रेचल मनात म्हणत असणार, भाऊ माझाही गेला, पण मला कधी मोकळेपणाने रडताही आलं नाही, तुझं रडणंच एवढं मोठं होतं. हे संवाद सिनेमात नाहीत, पण प्रत्येक खोलीत ऐकू येतात.

इथे मला आमच्याकडचं एक लग्न आठवलं. वधूचा एकुलता भाऊ आदल्या वर्षी अपघातात गेलेला. कानपिळीची वेळ आली आणि गुरुजी घुटमळले. चुलतभावांपैकी कुणीतरी पुढे होईल म्हणून सगळे इकडेतिकडे बघत होते. तेवढ्यात वधूची थोरली बहीण उठली, पदर खोचला आणि नवऱ्या मुलाचा कान तिने स्वतः पिळला, चांगला लाल होईपर्यंत. मांडवातली एकूण एक बाई रडली. नवरा मुलगाही. आणि त्यानंतर त्या घरातली माणसं जेवली, पंक्तीत आग्रहसुद्धा झाला. त्या ताटलीच्या प्रसंगानंतर रेचलच्या घरात कुणी उठत नाही. जो तो आपापल्या खोलीत जातो.

साड्यांबद्दल बोलायलाच हवं, कारण हे परीक्षण वाचून कुणी सिनेमा लावला तर पहिला प्रश्न तोच पडणार. या गोऱ्या-काळ्या अमेरिकन लग्नात पाठराखिणी जांभळट साड्या नेसतात, नवरा मुलगा कुर्त्यात, हत्तीचा केक. घरात कुणी भारतीय नाही आणि हे असं का, याचं स्पष्टीकरण सिनेमा देत नाही. तसंच वधू गोरी आणि वर कृष्णवर्णीय, याबद्दलही कुणी एक शब्द काढत नाही. ही दुसरी गोष्ट मला फार भावली. दोन्हीकडचे व्याही एकमेकांना भेटतात ते माणसं म्हणून. साड्यांचं मात्र मन पूर्ण मानत नाही. चित्रीकरणाच्या काळात या सिनेमाचं तात्पुरतं नावही 'डान्सिंग विथ शिवा' असं होतं म्हणतात, किमचं ते संहारकर्त्याचं वाक्यही त्यातलंच. म्हणजे दिग्दर्शकाच्या मनात आपल्याकडचं काहीतरी घोळत असणार. पण साडी आणि हत्ती आणले, तर त्यांच्याबरोबर जी माणसं आणि जे मान येतात ते का नाही आणले, असं मला वाटत राहिलं. त्या घराला रंगांची नाही, नेमून दिलेल्या जागांची गरज होती. बाजारातून लग्नाची थीम घेणारी कुटुंबं आता आमच्याकडेही येतात. राजस्थानी मांडव, पंजाबी संगीत रात्र, आणि करवलीला कऱ्यात काय घालायचं ते माहीत नसतं. ती हौस मी नाकारत नाही, जेवढी हौस तेवढा आमचा धंदा. पण हौस करताना भावंडांचे मान गाळू नका, एवढं मी प्रत्येक वधूपित्याला सांगते.

छायाचित्रण डेक्लन क्विन यांचं. मीरा नायर यांच्या दिल्लीतल्या पंजाबी लग्नावरच्या 'मॉन्सून वेडिंग'चा कॅमेराही यांचाच होता, आणि ते ठाऊक झाल्यावर मला पुष्कळ गोष्टींचा उलगडा झाला. कॅमेरा हातात धरलेला, कधी हलतो, कधी कुणाच्या खांद्याआडून बघतो, बोलणाऱ्याला सोडून ऐकणाऱ्याकडे वळतो. सुरुवातीला डोळ्यांना त्रास होईल. थोड्या वेळाने आपण त्या घरात फिरायला लागतो, आणि लग्नाची व्हिडिओ शूटिंग करणाऱ्या मुलाने चुकून नको ते टिपलं असावं तसं सगळं दिसायला लागतं. आमच्याकडच्या शूटिंगवाल्या पोरांना मी हा सिनेमा दाखवणार आहे. ड्रोन उडवण्यापेक्षा हे शिका म्हणेन.

संगीताचंही तसंच. झफर तवील आणि डोनाल्ड हॅरिसन यांचं संगीत आहे, पण ते मागून चिकटवलेलं नाही. पाहुणे म्हणून आलेले वादक घरात, अंगणात, जिन्याखाली वाजवत असतात आणि तेच आपल्याला ऐकू येतं. भांडण चालू असताना शेजारच्या खोलीत व्हायोलिनचा सराव चाललेला असतो, आणि एकदा त्याचाच वैताग भांडणात बाहेर पडतो. मी मिरजेची. सतारमेकर गल्लीतून जाताना तारा जुळवण्याचा आवाज ऐकत मोठी झाले, त्यामुळे वाद्य लावताना होणारा तो अर्धवट सूर मला घरचा वाटतो. आणि आता कार्यालयात सनई पेनड्राइव्हवर वाजते याची खंत आहे. पूर्वी आमच्याकडे सनई-चौघड्याची माणसं पहाटे यायची, त्यांच्या फुंकरीने कार्यालय जागं व्हायचं. जिवंत वाद्य असलं की घरात काय चाललंय त्याप्रमाणे वाजवणाराही थांबतो, सावरतो. डेमी यांनी आधी गाण्याच्या मैफिलींवर सुंदर माहितीपट केलेले होते, तो कान इथे दिसतो. सिडनीचं काम करणारा टुंडे अडेबिंपे हा खराच गायक आहे. लग्न लागताना तो वचन म्हणून नील यंगचं गाणं साथीशिवाय म्हणतो, आणि रेचलकडे बघून म्हणतो. तेव्हा मांडवात जशी शांतता होते, तशी मंगलाष्टकांतल्या एखाद्या खऱ्या आवाजाला आमच्याकडे होते. माइकवर ओरडणाऱ्यांना नाही होत.

आता आई. डेब्रा विंगर या सिनेमात फार थोडा वेळ आहे. पण ती आली की हवा बदलते. गोड बोलते, हसते, आणि सतत दाराच्या दिशेने अर्धी वळलेली असते. किम एका रात्री तिच्या घरी जाऊन विचारते, मी नशेत असायची हे तुला ठाऊक होतं, मग तू ईथनला माझ्याकडे का सोडलंस? हा प्रश्न या घरात कुणीच कधी विचारलेला नाही. आई आधी समजूत काढते, मग तिचा हात उठतो. मुलगीही उलटून मारते. किम तिथून गाडी घेऊन निघते आणि झाडीत नेऊन आदळते. आपला श्वास अडकतो, कारण गाडी, रात्र आणि किम हे तिन्ही एकत्र आले की या घरात काय होतं ते आपल्याला माहीत आहे.

सकाळी ती घरी येते. लग्नाचा दिवस. डोळा सुजलेला, कपडे मळलेले. दार रेचल उघडते. आदल्या दिवशीच केस करायला गेलेल्या ठिकाणी तिला कळलंय की किमने जुन्या केंद्रात दोघींबद्दल भयानक खोट्या गोष्टी रचून सांगितल्या होत्या. ती संतापाने निघून गेलेली. आता बोलायला तिच्याजवळ पुष्कळ आहे. ती काही बोलत नाही. बहिणीला आत घेते, न्हाणीघरात नेते, आणि लहान मुलीला घालावी तशी अंघोळ घालते. किमच्या अंगावर भावाचं नाव गोंदलेलं आहे, त्यावरून पाणी जातं. मग तिला पुसते, तयार करते, साडी नेसवते.

हळदीच्या दिवशी आपल्याकडे बायका नवरीला न्हाऊ घालतात. तिचं अंग, तिचे केस, तिची माहेरची शेवटची अंघोळ, सगळ्यांच्या हातून. इथे नवरी स्वतः आपल्या लग्नाच्या सकाळी धाकटीला न्हाऊ घालते. मी हा प्रसंग थांबवून पुन्हा पाहिला. दोन बायका, पाणी, एकही वाक्य नाही. सगळा सिनेमाभर ज्या मानासाठी दोघी झगडल्या तो मान असा दिला जातो. किमचा राग संपला असं नाही, रेचलचं दुखणं गेलं असंही नाही. पण आता लग्न लागू शकतं. डेविटला या कामासाठी ऑस्करचं साधं नामांकनही नव्हतं, आणि माझ्या मते या सिनेमातलं सगळ्यात अवघड काम तिचं आहे. हॅथवेला रागावता येतं, रडता येतं, सिगरेट ओढत फिरता येतं. डेविटला सगळं गिळून उभं राहायचं आहे आणि तरी ते आपल्याला दिसलं पाहिजे. ते दिसतं.

मला न पटलेल्या गोष्टी आहेत. लग्नानंतरची नाचगाणी फार लांबली आहेत. सांबाच्या नर्तकी येतात, एकामागून एक वादक येतात, आणि आपण घड्याळ बघायला लागतो. पाहुण्यांना मजा येत असेल, बघणाऱ्याला थोडक्यात कळलं असतं. नवऱ्या मुलाचा जिवलग मित्र कीरन आणि किम यांचं जे जुळतं, ते मला वरवरचं वाटलं. तोही व्यसनातून उठलेला, दोघं त्याच सभेत भेटतात, पण त्याला स्वतःचं असं काही नाही. कॅरलला तर याहून अन्याय झाला आहे. सावत्र आई म्हणून ती या घरात रोज काय सोसत असेल! ॲना डेव्हिअर स्मिथसारखी अभिनेत्री हाताशी असताना तिला एक पूर्ण प्रसंग द्यायला हवा होता. आणि सिडनी इतका समजूतदार आहे की तो कधी चिडतो की नाही असा प्रश्न पडतो. अशा घरात जावई म्हणून येणाऱ्या माणसाला एकदा तरी पळून जावंसं वाटलं पाहिजे.

आई मात्र शेवटपर्यंत खरी लिहिली आहे. समारंभ संपायच्या आधीच ती निघायची घाई करते. रेचल तिला थांबवते, एका हाताने तिला, दुसऱ्याने किमला धरून दोघींना जवळ आणायचा प्रयत्न करते. आई गोड हसून निरोप घेते आणि जाते. काही घरांत मान देऊनही माणूस थांबत नाही, हे दिग्दर्शकाने दाखवलं, त्यावर पांघरूण घातलं नाही.

सिनेमा ११३ मिनिटांचा आहे. सबटायटल लावूनच बघा, कारण एका वेळी चार जण बोलतात. शिवराळ भाषा भरपूर आहे आणि एक-दोन प्रसंग मुलांसमोर बघण्याजोगे नाहीत. घरात लग्न ठरलेलं असेल तर सगळ्या कुटुंबाने एकत्र बसून बघायचा हा सिनेमा नाही, उगाच कुणीतरी कुणाकडे बघेल. पण लग्न ठरलेल्या मुलीच्या बहिणीने किंवा भावाने एकट्याने जरूर बघावा, आणि मुलीच्या वडिलांनी तर नक्कीच, याद्या करायला बसायच्या आधी.